विमलआत्याच्या दारातला ब्रेकर

विमलआत्याचा आवाज काढायचा असेल तर डाव्या गालात सुपारी आहे असं समजायचं, आणि समोरचा माणूस तीन शेतं पलीकडे उभा आहे असं धरून बोलायचं. तो शेजारी बसलेला असला तरी. "काय रं, जेवलास का?" हे ती अशा थाटात विचारते की जेवलो यातच आपलं काहीतरी चुकलं असं ऐकणाऱ्याला वाटतं.

ती माझी सख्खी आत्या नाही. ती कोणाचीच सख्खी आत्या नाही, कारण तिला भाऊच नव्हता. भाऊ नव्हता म्हणून लग्नानंतर नवरा इकडे राहायला आला, आणि ती जन्माच्या गावातच राहिली. गावची लेक गावातच राहिली तर गावाने तिला काय म्हणायचं? सगळा धामणपाडा तिला आत्या म्हणतो. तिच्याहून वयाने मोठा असलेला नामाही म्हणतो.

आमचा धामणपाडा पोशीरच्या पुढे, फाट्यापासून आत. फाट्यावरून गावात शिरलं की पहिलं घर आत्याचं. त्याच्या शेजारचं नामाचं. मग बाकीचं गाव, देऊळ, आणि मग डोंगर सुरू.

आत्या कर्जतच्या बाजारात भाजी विकते. तिथे तिची एक जागा आहे. गाळा नव्हे, जागा. एका बंद दुकानाच्या पायरीपुढची, एक माणूस आणि दोन टोपल्या मावतील एवढी. अशा जागेला कागद नसतो. बसणारा रोज बसतो म्हणून ती त्याची. तो बसायचा बंद झाला की दुसऱ्याची. तिथे बसून आत्याने संसार केला, मुलाला, जितेशला शिकवलं, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि कर्जतच्या निम्म्या बायकांना भेंडी मोडून बघितल्याबद्दल सुनावलं.

पण या जागेपर्यंत पोचायला आधी फाट्यापर्यंत चालावं लागायचं, डोक्यावर टोपली घेऊन. आणि तो रस्ता असा होता की त्यातल्या खड्ड्यांना नावं होती. एक नामाचा खड्डा, कारण नामा त्यात पडला होता. एक पाहुण्यांचा, कारण त्यात नेहमी बाहेरचाच माणूस पडायचा. टमटमवाले सात माणसं झाल्याशिवाय गावात येत नसत, आणि आमच्या गावातून सात माणसं एका वेळी फक्त लग्नाला निघतात. जितेशची कंपनी खालापूरकडे. तो आत्याची टोपली भरायच्या आधी, पहाटेच गाडीला किक मारून शिळफाट्याकडे निघायचा.

शेवटी आत्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर ओझं घेऊन चालायचं नाही. जितेश म्हणाला, "आई, बास झालं आता. घरी बस."

"घरी बसून काय करू?"

"आराम कर."

"कसा करतात?" आत्याने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

तिने एक साधा हिशोब मांडला. रस्ता झाला की एसटी गावात येईल. एसटी दारात आली की टोपली डोक्यावर घ्यायला नको. म्हणजे बाजार चालू, जागा शाबूत. म्हणून रस्ता पाहिजे. गावातल्या बाकी लोकांनाही रस्ता पाहिजे होता, पण त्यांना तो जसा चांगला पाऊस पाहिजे असतो तसा पाहिजे होता. आत्याला तो औषधासारखा पाहिजे होता.

ग्रामसभेला इंजिनीअर साहेब आले होते. त्यांची नक्कल सोपी आहे. प्रत्येक वाक्याला टाय लावायचा. "सदर रस्ता तत्त्वतः मंजूर आहे. निधी वर्ग होणे बाकी आहे."

"म्हंजे रस्ता हाय का नाय?" आत्याने मागून विचारलं.

"तत्त्वतः आहे."

"मंग मी पन तत्त्वतः बाजारात जाते. गिऱ्हाईक तत्त्वतः भाजी घेतील."

साहेब पाणी प्यायले. "आजी, निधी येतोय."

"चालत येतोय का? चालत येत असंल तर नामाच्या खड्ड्यात पडला असंल. कोनीतरी बघून या रं."

सरपंच सुनिताताईंनी माइकवर बोटाने टकटक केलं. त्या माइक बंद असला तरी टकटक करतात. "बरं का, सगळ्यांनी शांत राहायचं. आत्यांचा मुद्दा बरोबर आहे. साहेबांचा मुद्दा पण बरोबर आहे. आता चहा घ्या."

त्यानंतर आत्या ऑफिसात गेली. आमच्याकडे ऑफिसात अर्ज घेऊन जातात. आत्या टोपली घेऊन गेली. जितेशने सुट्टीच्या दिवशी तिला गाडीवर मागे बसवून नेलं, आणि ती साहेबांच्या दाराबाहेर, पंख्याखाली, शेवग्याच्या शेंगा मांडून बसली. शिपाई म्हणाला, इथे विकायला बसता येत नाही. आत्या म्हणाली, "रस्ता झाला की उठते." जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेंगा संपल्या. पुढच्या सुट्टीला ती वांगी घेऊन गेली. पाचसहा महिन्यांत त्या ऑफिसातल्या सगळ्यांना धामणपाड्याचा रस्ता आणि आपापल्या घरची वांग्याची भाजी, दोन्ही पाठ झालं. निधी वर्ग झाला. तो आत्यामुळे झाला की मार्च आल्यामुळे, यावर गावात दोन पक्ष आहेत. आत्या पहिल्या पक्षात आहे.

मे महिन्यात डांबर पडलं. पहिल्या आठवड्यात लोक संध्याकाळी रस्त्यावर फिरायला जाऊ लागले. आमच्या गावात आधी फक्त डॉक्टरने सांगितलं तरच फिरायला जायचे. म्हातारी माणसं डांबरावर अनवाणी उभी राहून बघायची. नवनाथने आपली म्हैस मुद्दाम रस्त्यावरून नेली. त्याचं शेत दुसऱ्या बाजूला होतं.

दुसऱ्या आठवड्यात नामाचा कोंबडा गेला. गावातलाच किरण नव्या रस्त्यावर गाडीचा वेग बघत होता, आणि कोंबडा रस्ता बघत होता.

नामा प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. दुसऱ्यांदा शब्द उलटे करून. "कोंबडा होता माझा. माझा कोंबडा होता," असं दिवसभर सांगून झाल्यावर त्याने ठेकेदाराची उरलेली खडी आणली, एक गोणी सिमेंट आणलं आणि आपल्या दारासमोर रस्त्यावर आडवा ब्रेकर घातला.

इथून पुढे जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं असं मी म्हणत नाही. पण झालं आमच्याच गावात.

दुसऱ्या दिवशी जगदीशने विचारलं, "नामाच्या दारात ब्रेकर आणि माझ्या दारात नाय? माझ्या घरात काय मानसं राहत नाय?" त्याच्याकडे कोंबडा नव्हता, पण नातवंडं होती. त्याने दोन घातले, एक येणाऱ्या गाड्यांना, एक जाणाऱ्या. मग देवळासमोर एक झाला, कारण माणसाच्या दारात आहे आणि देवाच्या दारात नाही हे बरं दिसत नाही. मग ज्यांच्या घरी मूल नाही, कोंबडं नाही, कोणी बाहेर पडत नाही, त्यांनीही घातला. नवनाथचं घर रस्त्यावर नाही, शेतात आहे. तो ग्रामपंचायतीत जाऊन बसला. "माझ्या दारात रस्ता नाय ही माझी चूक हाय का? रस्ता नाय तर नाय, ब्रेकर तरी द्या." त्याच्या बांधाकडे वळायच्या जागी त्यालाही एक मिळाला.

सुनिताताईंनी कोणाला नाही म्हटलं नाही. "बरं का, सुरक्षा महत्त्वाची आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या दारातल्या ब्रेकरला पांढरे पट्टे मारून घेतले.

राहिलं होतं फक्त आत्याचं घर. तिने काही मागितलं नव्हतं. पण एका रविवारी सकाळी गावातले दहाबारा जण घमेली घेऊन तिच्या दारात हजर.

"हे काय रं?"

"आत्या, रस्ता तू आणलास. पहिला मान तुझा. पहिला मान." नामाच्या डोळ्यात पाणी होतं. सिमेंट उडालं असेल, किंवा नसेल.

मानाची गोष्ट असल्यामुळे तो सगळ्यांत मोठा केला. त्याचा आकार म्हशीच्या पाठीचा आणि उंची तिच्याहून थोडीच कमी. आत्या ओट्यावरून बघत होती. ती नको म्हणाली असती तर गावाला वाईट वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही बरं वाटत होतं. संध्याकाळी तिने ब्रेकरवर पाणी मारलं, हळदीकुंकू वाहिलं.

मग पावसाळा लागला आणि आत्याचे गुडघे आणखी बिघडले. एसटी अजून सुरू झाली नव्हती. डेपोचे साहेब म्हणत होते, रस्ता तपासू, मग गाडी सोडू. तोवर आत्या घरी. बाजारातली तिची जागा कोंडी सांभाळत होती.

कोंडी वरच्या वाडीतली. डोंगरातून कंद, रानभाज्या, पळसाची पानं घेऊन उतरते आणि आत्याच्या शेजारी बसते. श्रावणापासून ती रोज आपल्या जागेच्या बाजूला आत्याचं गोणपाट पसरत होती. रिकामं गोणपाट म्हणजे येणार आहे कोणीतरी. बाजारात हे चालतं. पण किती दिवस चालवून घ्यायचं, हे ज्याला जागा पाहिजे त्याच्यावर असतं.

भाद्रपदात एक दिवस डोंगरावर परत जाताना कोंडी आत्याच्या ओट्यावर टेकली.

"आत्ये, लसूनवाला पाय पसरतो हाय."

"किती पसरले?"

"काल गोनपाटाच्या कडेला होता. आज गोनपाटावर हाय. मी बोलले तर बोलतो, गोनपाटाला भाजी इकता येती का?"

"मंग तू काय बोललीस?"

"मी बोलले, तुज्यापेक्षा बरी इकंल." कोंडी हसली आणि मग हसायची थांबली. "दसऱ्याला झेंडू घेऊन बसनार हाय तो. येकदा दसरा केला का नाय उठनार बग."

आत्याने सुपारी गाल बदलून दुसऱ्या गालात टाकली. ती फार क्वचित असं करते.

नवरात्राच्या आधी डेपोची गाडी रस्ता बघायला येणार असं कळलं. गावाने तोरण बांधलं. बेंजोवाले बोलावले. सुनिताताईंनी माइक लावला आणि टकटक केलं. आत्या नवं लुगडं नेसून टोपली घेऊनच दारात उभी होती. गाडी तपासायला येत होती, घेऊन जायला नाही, हे तिला तीनदा सांगून झालं होतं. "आली तर रिकामी कशाला पाठवू?" ती म्हणाली.

गाडी फाट्यावरून वळली तेव्हा टाळ्या पडल्या. ती आत्याच्या दारापाशी आली, पुढची चाकं ब्रेकरवर चढली, पलीकडे उतरली, आणि मग गाडीच्या पोटातून असा आवाज आला: खर्रर्र, टक. नंतर काहीच आवाज आला नाही. बेंजो चालू राहिला, कारण बेंजोवाल्यांना वाटलं, पोचली.

ड्रायव्हर रूपेश खाली उतरला. उकिडवा बसला. गाडीखाली बराच वेळ बघत राहिला. हा कमी बोलणारा माणूस.

"ह्यो ब्रेकर हाय का बांध?"

"मानाचा हाय," नामा म्हणाला. "हाय मानाचा."

डेपोचे साहेब उतरले. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून बाहेर पडतं. "असं आहे, की असे किती आहेत पुढे?"

सगळ्यांनी सुनिताताईंकडे पाहिलं. शेवटी सुनिताताई माइकवरून म्हणाल्या, "थोडे आहेत."

"असं आहे, की थोडे म्हणजे किती?"

"घरटी एक," सुनिताताई म्हणाल्या. माइक त्या दिवशी नेमका चालू होता. डोंगरापर्यंत ऐकू गेलं.

साहेबांनी पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. ऊन पडलं होतं आणि ब्रेकर एकामागून एक देवळापर्यंत दिसत होते, लाटांसारखे. "असं आहे, की हे काढा, मग कळवा. तोवर गाडी फाट्यालाच." गावातल्या पोरांनी मागून उचलून, पुढून ढकलून गाडी सोडवली. ती मागच्या मागे फाट्यापर्यंत गेली. बेंजोवाल्यांना जेवण घालावं लागलं.

त्या दिवशी देवळात बैठक झाली. ब्रेकर काढायचे यावर कोणाचा विरोध नव्हता. प्रत्येकाचं एवढंच म्हणणं होतं की आधी शेजाऱ्याचा काढा.

"माझे दोन हायत. एक काढतो," जगदीश म्हणाला, आणि आपण केवढा त्याग केला हे बघायला इकडेतिकडे बघितलं.

"मला सगळ्यांच्या शेवटी मिळाला. मी सगळ्यांच्या शेवटी काढनार," नवनाथ म्हणाला.

"देवाचा कोन काढनार?" कोणीतरी विचारलं. त्याबरोबर विषय धार्मिक झाला आणि सुनिताताईंनी बैठक संपवली.

दुसऱ्या दिवशी जितेशला सुट्टी होती. आत्याने त्याच्या हातात पहार दिली. "फोड."

नामा धावत आला. "आत्या, मान होता तुझा! तुझा मान होता!"

"मान घेऊन बाजारात बसू का? किलोनं इकू?"

म्हशीच्या पाठीएवढा ब्रेकर फोडायला दुपार झाली. आत्याने फुटलेली खडी उचलून बाजूला टाकायला लावली. बाकी गावाने हे सगळं आपापल्या ओट्यावरून बघितलं, आणि आत्या किती मोठ्या मनाची आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. कोणाचाही ब्रेकर हलला नाही. नामाने स्वतःचा जरा वाढवला, कारण आता आत्याच्या दारातून गाड्या जोरात येणार होत्या.

मग आत्या डेपोत गेली. जितेशच्या मागे बसून, या वेळी टोपलीशिवाय.

"आमचा काढला," ती साहेबांना म्हणाली. साहेब तिच्यापासून हातभर अंतरावर होते. बाहेर फलाटावरचे प्रवासी वळून बघायला लागले.

"असं आहे, की बाकीचे?"

"बाकीच्यांचं मला काय इचारता? गाडी माझ्या दारापर्यंत आना."

"आजी, असं आहे, की गाडी एका घरासाठी येत नाही. गावासाठी येते."

"मंग गावासाठी आना. गाव माझ्या दारापासून सुरू होतं. शेवटाला नेलीच पायजे असं काय हाय? सुरवातीला थांबली तर गाव नाय का ते?"

साहेबांनी यावर थोडा विचार केला. रूपेश ड्रायव्हर चहा घेऊन तिथेच उभा होता. तो म्हणाला, "वळवनार कुठं?"

दोन शब्द. पण आत्याने सुपारी पुन्हा दुसऱ्या गालात टाकली. गाडी मागच्या मागे फाट्यापर्यंत रोज नेता येत नाही. वळवायला मोकळी, सपाट जागा पाहिजे. आणि रस्त्याला लागून तशी एकच जागा होती: आत्याच्या घराच्या बाजूची. तिथे तिचे वांग्यांचे, मिरचीचे, भेंडीचे वाफे होते, कडेला शेवग्याची झाडं होती. बाजारातल्या तिच्या टोपलीत जे जे असायचं ते सगळं तिथूनच यायचं.

घरी येताना जितेशने चारफाट्याला गाडी थांबवली. शनिवार होता. मुंबईच्या फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांनी चौक भरला होता आणि कोणीच हलत नव्हतं. तो मागे वळून म्हणाला, "आई, वाफे गेले तर इकशील काय?"

"माल मिळतो," आत्या म्हणाली. "जागा नाय मिळत."

मागच्या गाडीतल्या माणसाने हॉर्न वाजवला. आत्याने त्याला विचारलं, "काय रं, जेवलास का?" त्याने काच वर केली.

रविवारी वाफे काढले. भेंडी अजून लागलेली होती. वांग्यांना फुलं होती. आत्याने ती स्वतः उपटली, मजूर लावले नाहीत. शेवग्याचं एक झाड ठेवलं, कारण रूपेश येऊन बघून गेला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बसतंय." मुरूम पडला, रोलर फिरला. आत्या ओट्यावर बसून होती. जितेशची बायको सोनाली तिच्यासाठी चहा घेऊन आली, तेव्हा आत्या हळू आवाजात, म्हणजे नामाच्या घरापर्यंतच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जरा मोठी वाटती गं जागा आता." सोनाली कप तसाच हातात धरून उभी राहिली.

नवरात्रात एसटी सुरू झाली. गाडीवर पाटी धामणपाडा, पण ती थांबते आत्याच्या अंगणात. सगळं गाव पिशव्या, दप्तरं, डबे घेऊन आपापल्या ब्रेकरवरून चालत आत्याच्या दारी येतं. पहिल्या दिवशी नामा घोसाळ्यांची पिशवी घेऊन आला.

"आत्या, ही घे. तुझे वाफे गेले ना. गेले ना वाफे." मग जरा थांबून म्हणाला, "साहेबाला सांग ना, गाडी माझ्या दारापर्यंत आनायला."

"तुझा ब्रेकर काढ."

"माझा काढला तरी पुढं जगदीशचे हायत. दोन."

"मंग चाल," आत्या म्हणाली, आणि घोसाळी ठेवून घेतली. मग जगदीशने दुधी दिले. नवनाथने मुळे. देवळाशेजारच्या म्हातारीने चार लिंबं आणि खूप उपदेश. गाडी सुटायच्या आधी टोपली भरली. ती वर चढवायला रूपेश स्वतः खाली उतरला.

कर्जतला आत्या बाजारात पोचली तेव्हा लसूणवाला गोणपाटाच्या मधोमध बसला होता.

"ऊठ रं."

"मावशी, इथं कोनी बसत नव्हतं."

"गोनपाट बसत होतं ना. त्याच्यावर बसलायस तू."

आत्याने हे नेहमीच्या आवाजात सांगितलं, म्हणजे तीन शेतं पलीकडे ऐकू जाईल असं. फूलवाले वळले. रिक्षावाले वळले. बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एक बाई म्हणाली, "अगं बाई, आल्या का?" लसूणवाल्याने आधी लसूण उचलला, मग स्वतःला. पार पलीकडे गेला नाही. हातभर सरकला. बाजारात तेवढं पुरतं.

आत्या बसली. गुडघे एकेक करून दुमडले. घोसाळी पुढे, दुधी मागे, लिंबं कडेला.

कोंडी बाजूला पळसाच्या पानांचे गठ्ठे लावत होती. "आत्ये, आमच्या वाडीला पन आन ना गं रस्ता. पार वरपतूर."

"आनते. पन ब्रेकर मागू नको."

"येडी का काय? आमच्यात गाडी कोनाकडं हाय? ब्रेकर कशाला लागतो हाय आमाला?"

"रस्ता झाला का मागशील," आत्या म्हणाली, आणि समोर दुधीला नख लावून बघणाऱ्या बाईकडे वळली.